शेरेबुक मिटून वर्गात बसा

जुलै महिना होता. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातली दोन शिक्षकांची शाळा. पावसात समोरचा डोंगर दिसत नव्हता आणि वर्गात इतका अंधार की मागच्या मुलांना फळा वाचता येईना. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची देखरेख करणारी, होऊन महिनाही झाला नव्हता. वीस मिनिटं दाराशी उभी राहिले, तिसरीतल्या चार मुलांना उठवून वाचायला लावलं, एकालाच जमलं. ऑफिसात येऊन शेरेबुकात, म्हणजे भेटीला आलेल्याने शेरा लिहायच्या वहीत, लिहिलं, ‘विद्यार्थ्यांचे वाचन असमाधानकारक. अध्यापनात सुधारणा आवश्यक. तातडीने कार्यवाही करावी.’ सही केली, चहा घेतला आणि पुढच्या शाळेला निघाले.

सव्वा महिन्याने परत गेले तेव्हा वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी भरलेल्या. बाराखडी, जोडाक्षरं, फळं, वाहनं. गुरुजींनी नाशिकला मेन रोडवर जाऊन पदरच्या पैशाने आणले होते. तीच चार मुलं उभी केली. पुन्हा एकालाच आलं.

मॅडम नाराज आहेत, एवढंच गुरुजींना त्या शेऱ्यातून कळलं होतं. वाचन नेमकं कुठे अडतंय, उद्या सकाळी वर्गात वेगळं काय करायचं, यातलं अक्षरही त्यात नव्हतं. आणि ते मला तरी कुठे माहीत होतं? मी त्या मुलांशेजारी बसलेच नव्हते. त्या तक्त्यांचे पैसे मला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिले.

त्यानंतर पेठ आणि सुरगाणा मिळून अकरा वर्षं हे काम केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता नव्याने केंद्रप्रमुख झालेल्या माझ्या जुन्या सहकारी फोन करतात, ‘ताई, शाळाभेटीला गेल्यावर करायचं काय नेमकं?’ त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. मुख्याध्यापकांना आणि विस्तार अधिकाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

तपासणीचा दिवस वेगळा ठेवा

पोषण आहाराचा साठा, हजेरीपट, यूडायसची (सरकारी ऑनलाइन नोंदणीची) माहिती, स्वच्छतागृह, किचनशेड ही तपासणी करावीच लागते आणि ती नीट करा. तिथे अचानक गेलात तरी हरकत नाही. पण ज्या शिक्षकाचा तांदूळ सकाळी मोजला, त्यालाच दुपारी ‘तुमची वर्गातली अडचण मोकळेपणाने सांगा’ म्हटलं, तर तो कशाला सांगेल? अडचण सांगितली की ती शेऱ्यात जाते, हे तो वर्षानुवर्षं बघत आलाय. डिपटी (पूर्वीचे शाळा तपासणारे अधिकारी) येणार म्हटलं की शाळा सारवून, मुलांना अंघोळी घालून बसवायचे, असं आमचे आजोबा सांगायचे. ती धास्ती अजून गेलेली नाही.

म्हणून मी वर्गात बसायला जायचं असलं की आदल्या दिवशी फोन करायचे. ‘सर, उद्या दुसऱ्या तासिकेला तुमच्या गणिताच्या वर्गात बसते. नेहमीचंच चालू द्या. टाचण दाखवायचं नाही, परिपाठ खास करायचा नाही. जेवण सांगू नका, मी डबा आणतेय.’ डब्याचं मुद्दाम सांगायचे. पाहुणचार सुरू झाला की शाळेतली एक बाई चहा-पोह्यांत अडकते आणि तिचा वर्ग वाऱ्यावर सुटतो.

फोनवर आणखी एक विचारायचं : ‘मी काय बघू?’ पहिल्यांदा कोणी सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगायला लागतात. सुरगाण्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं, ‘मॅडम, खिडकीकडच्या मुली माझ्या तासाला बोलतच नाहीत. तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघा, मला फळ्यापासून काही कळत नाही.’ असं काम कोणी सोपवलं की समजा, तुम्हाला आता वर्गात जागा मिळाली.

माझ्या केंद्रात तेरा शाळा आणि एकेचाळीस शिक्षक होते. बैठका, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं वजा करून महिन्यात वर्गात बसायला खरे सात-आठ दिवस मिळतात. सगळ्यांकडे एकेकदा जाऊन काही होत नाही, हे मी तीन वर्षं तसं करून पाहिल्यावर सांगते. एका सत्रात आठ शिक्षक घ्या आणि प्रत्येकाकडे चारदा जा. उरलेल्यांकडे तपासणीच्या निमित्ताने जाणं होतंच. त्यांची पाळी पुढच्या सत्रात.

वर्गात कुठे बसायचं, काय टिपायचं

खुर्ची नको. मागे, सतरंजीवर, मुलांच्या रांगेत बसा. ‘एक साथ नमस्ते’ झालं की पाच मिनिटांत मुलं तुम्हाला विसरतात. फोन बंद करून पिशवीत ठेवा. फोटो काढू नका. फोटो निघाला की शिक्षक मुलांकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतो. मधे बोलू नका, चुकीचं शिकवत असले तरी नाही. मुलांसमोर शिक्षकाला दुरुस्त केलं की त्यानंतर त्या वर्गात तुमच्यासमोर खरं काही घडणार नाही.

वहीचं पान उभं दुमडून दोन भाग करा. डावीकडे शिक्षक काय म्हणाले, काय केलं. उजवीकडे त्याच वेळी मुलं काय करत होती. मत लिहायचं नाही. ‘छान’, ‘नीरस’ असलं काही नको. ‘सरांनी विचारलं, ७ दशक म्हणजे किती? पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकदम उत्तर दिलं. बाकी १९ मुलं फळ्याकडे बघत.’ असं लिहायचं. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. पण दुपारी शिक्षकासमोर हे पान ठेवलं की ‘तुमचा वर्ग निष्क्रिय आहे’ असं म्हणावंच लागत नाही. तो स्वतः वाचतो आणि गप्प बसतो.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे मी नेहमी मोजायचे, मनातल्या मनात एक, दोन, तीन करून. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारीही बोलायला लागतात. आमच्याकडे तर मुलाला घरच्या बोलीतून शाळेच्या मराठीत यायलाच दोन सेकंद लागतात. खिडकीकडच्या त्या मुलींचं हेच होतं. त्यांच्या ओठांवर शब्द यायचे, तोवर पुढच्या रांगेतला मुलगा ओरडलेला असायचा. बाईंना मी एवढंच सांगितलं की हात वर करायचे नाहीत, प्रश्न विचारून पाच आकडे मनात मोजा आणि मग नाव घ्या. त्यांनी ते केलं. पहिला आठवडा वर्गात ती शांतता त्यांना असह्य झाली, तासिका वाया जातेय असं वाटायचं. दिवाळीनंतर गेले तेव्हा त्यातली एक मुलगी फळ्यापाशी उभी होती.

तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत मी एका मुलाजवळ सरकायचे आणि फक्त त्याचीच वही बघायचे. वीस वह्या चाळण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे, आणि इथे घाई करू नका.

चौथीतली एक मुलगी. वहीत ४०२ वजा १७८, उत्तर ३७६. शेजारी लाल फुली. खालच्या तीन गणितांवरही फुल्या. सर म्हणाले होते, ‘हिला वजाबाकी येत नाही.’ मी तिला विचारलं, ‘हे कसं केलंस गं, मला सांग.’ तिने बोट ठेवून सांगितलं : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. म्हणजे वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचा. तिने स्वतःपुरता नियम केला होता आणि तो चारही गणितांत इमानाने पाळला होता. बिनहातच्याच्या वजाबाकीत दोन वर्षं हाच नियम तिला बरोबर उत्तर देत आला होता. मग तो सोडेल कशाला ती?

ही मुलगी सापुताऱ्याच्या रस्त्याला बोरगावजवळ आईबरोबर स्ट्रॉबेरी विकायला बसायची. मी म्हटलं, ‘माझ्याकडे ४०२ रुपये आहेत, १७८ची स्ट्रॉबेरी घेतली, मला परत किती देशील?’ तिने वहीकडे पाहिलंच नाही. ‘दोन दिले की १८०, वीस दिले की दोनशे, मग दोनशे दोन.’ बोटांवर जुळवून म्हणाली, ‘दोनशे चोवीस.’ मी वहीतल्या ३७६ वर बोट ठेवलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘पण हे शाळेतलं आहे.’

बोलणं

त्याच दिवशी बोला, पण तासिका संपल्या संपल्या नको. शिक्षकाला पाणी पिऊ दे, वर्गाला काम देऊ दे. बसायचं ओट्यावर, झाडाखाली, कुठेही. मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे नको आणि दुसऱ्या शिक्षकांसमोर तर नकोच. वीस मिनिटं पुरतात.

पहिलं वाक्य कौतुकाचं असावं असं प्रशिक्षणात सांगतात. मला ते पटत नाही. ‘पाठ छान झाला, पण’ मधला ‘पण’ कधी येतो याचीच शिक्षक वाट बघत असतो. मी विचारायचे, ‘आज कोणाला समजलं नाही असं वाटतं?’ बहुतेक जण नावं सांगतात, आणि सहसा बरोबर सांगतात. पुढचा प्रश्न : ‘त्याला काय समजलं नाही?’ इथे आपण सगळेच अडतो. वही समोर ठेवायची ती या वेळी.

स्ट्रॉबेरीवाल्या मुलीचे सर तरुण होते, शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन दुसरं वर्ष. मी वही दिली आणि म्हटलं, ‘सर, तिने चारही चुका एकाच पद्धतीने केल्यात. कोणत्या ते शोधा.’ त्यांना दोन मिनिटं लागली. मग म्हणाले, ‘म्हणजे हिला येतंय. चुकीचं येतंय.’ एवढं त्यांच्या तोंडून निघाल्यावर मी पुढचं सांगण्याची गरजच उरली नाही. पुठ्ठ्याच्या शंभराच्या, दहाच्या नोटा आणि एकची नाणी करायची, चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर खरोखर द्यायला लावायचे, दहाच्या नोटा नाहीत म्हटल्यावर शंभराची मोडायची, आणि प्रत्येक मोड लगेच वहीत लिहायची, हे त्यांनीच ठरवलं. मी एवढंच जोडलं की तिची दुकानदारीची रीतही फळ्यावर येऊ द्या, ती बरोबरच आहे.

एका भेटीत एकच गोष्ट घ्या. तुम्हाला सात दिसतील. फळ्यावरचं अक्षर बारीक असेल, गटकाम नावालाच असेल, शैक्षणिक साहित्य कपाटात असेल. सहा गोष्टी गिळून टाका. सात सांगितल्या तर शिक्षक सगळ्यात सोपी करतो, आणि ती बहुधा तक्ते लावण्याची असते.

भाषेच्या तासाचं एक उदाहरण सांगते. पहिलीचा वर्ग. गुरुजी मालेगावकडचे, घरी अहिराणी बोलणारे. मुलं कोकणा आणि महादेव कोळी समाजाची. गुरुजींनी स्वतः केलेलं चित्रकार्ड, चित्राखाली शब्द : नाचणी. मुलाने वाचलं, ‘नागली.’ गुरुजी म्हणाले, ‘चूक. नीट बघ.’ मुलगा खाली बसला आणि उरलेल्या तासात तो बोलला नाही.

दुपारी आम्ही त्या एका शब्दावर पंधरा मिनिटं बोललो. मुलाने ‘ना’ वाचला. चित्र ओळखलं. त्याच्या घरी त्या धान्याला नागलीच म्हणतात, त्यामुळे अर्थही त्याला कळला. फक्त पुढच्या दोन अक्षरांकडे त्याने पाहिलं नाही, अंदाजाने पुढे गेला. म्हणजे चार गोष्टींतल्या तीन त्याने केल्या होत्या आणि त्याला मिळालं ‘चूक’. गुरुजी जरा वेळाने म्हणाले, ‘मीपण पहिलीत असाच बसलो होतो मॅडम, अहिराणीत उत्तर दिलं म्हणून.’ शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते आम्ही दोघांनीही प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण ते असं एका शब्दात समोर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी कार्डावर दोन्ही शब्द लिहिले, ‘नागली’ आणि ‘नाचणी’, आणि मुलांना विचारायला लागले, कुठली अक्षरं बदलली?

परत जा

बहुतेकांचं इथेच सुटतं. पहिली भेट चांगली होते, बोलणं होतं, आणि पुढे तीन महिने कोणी फिरकत नाही. शिक्षकाने नवीन काही सुरू केलं की दुसऱ्या आठवड्यात ते हमखास फसतं. मुलं गोंधळ करतात, वेळ पुरत नाही. त्याच वेळी तुम्ही तिथे हवेत. उठताना तारीख ठरवा, दहा ते पंधरा दिवसांच्या आतली, आणि जाताना वहीचं तेच पान घेऊन जा. डाव्या बाजूला आज काय बदललं, तेवढंच बघायचं. त्या दिवशी वरिष्ठांनी बैठक लावली तर शिक्षकाला स्वतः फोन करून दुसरी तारीख द्या. तुम्ही न कळवता आला नाहीत, तर त्यालाही कळतं की हे काही महत्त्वाचं नव्हतं.

आमच्याकडची वर्षाची चालही लक्षात घ्या. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत पटावर तीस असतील तर वर्गात सतरा-अठरा. दिवाळीनंतर कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि मुलंही जातात. एखादी नवी रीत शिक्षकाबरोबर सुरू करायची तर जूनच्या शेवटी करा. नोव्हेंबरात सुरू केलेलं टिकवताना त्याचा जीव जातो आणि दोष त्याच्या माथी येतो.

शेऱ्याचं काय? लिहावा लागतोच. पण तो शिक्षकाबरोबर बोलून झाल्यावर, त्याच्यासमोर बसून लिहा. माझा नंतरचा एक शेरा असा होता : ‘इयत्ता ४थी, गणित. वजाबाकीत मुले मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात असे शिक्षकांना व मला आढळले. शिक्षक नोटांच्या साहाय्याने दशक-शतक सुटे करण्याचा सराव घेणार आहेत. १२ तारखेला पुन्हा एकत्र पाहू.’ यात कोणी कोणाला नापास केलेलं नाही, आणि पुढच्या वेळी काय बघायचं ते दोघांनाही ठाऊक आहे.

शिक्षक वैतागलेला असेल, तर आधी ऐका. निवडणूक, सर्वेक्षण, लिंक भरणं, फोटो पाठवणं. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतलं काम सोडलं तर शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, पण रोजची कागदं त्यात कुठे मोजतात? त्यातलं जे तुमच्या हातात आहे ते कमी करा. मी एकच माहिती दोनदा मागायची नाही, एवढं पाळलं होतं. त्याने सुद्धा शिक्षक बोलायला लागले. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात मुलांचे वाचन-गणिताचे स्तर नोंदवतात, त्यांबद्दलही तसंच. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचायला लागावं, हे ध्येय चांगलं आहे. पण आकडे कमी दिसले म्हणून तुम्ही रागावलात, तर पुढच्या महिन्यात आकडे वाढतील आणि मूल तिथेच राहील. कमी आकडा खरा लिहिणाऱ्या शिक्षकाची पाठराखण करा, बैठकीत, सगळ्यांसमोर.

जो शिक्षक शाळेतच येत नाही किंवा मुलांवर हात उचलतो, त्याच्यासाठी यातलं काहीच नाही. तिथे तपासणी आणि कारवाई, तीही लगेच.

‘हे मला करून दाखवा’ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणू नका. खडू हातात घ्या. माझा पाठ दोनदा साफ फसला, आणि त्या दोन्ही शाळांतले शिक्षक नंतर माझ्याशी सगळ्यात मोकळे झाले. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही मी भाषणं आणि सत्कार कमी करत आणले. नावं झाकलेल्या मुलांच्या सहा वह्या सतरंजीवर ठेवायच्या, तीन-तीन शिक्षकांनी एक वही घ्यायची आणि मुलाने असं का केलं असेल ते शोधायचं. पन्नाशीच्या पुढचे, एरवी भिंतीला टेकून बसणारे गुरुजी तिथे पुढे सरकायचे, कारण तसली चूक त्यांनी तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलेली असायची आणि कोणी त्यांना ती कधी विचारली नव्हती.

वजाबाकीच्या त्या सरांकडे चौथ्या भेटीला गेले, तेव्हा मी सतरंजीवर बसायला लागले तर ते म्हणाले, ‘मॅडम, आज तुम्ही नका बसू. पलीकडच्या बाईंना बसायचंय, त्यांच्या तिसरीला हेच अडतंय. त्यांचा वर्ग तेवढा सांभाळाल?’ मी पलीकडे जाऊन चाळीस मिनिटं तिसरीला गोष्ट सांगितली आणि पाढे घेतले. मधल्या सुट्टीत ती दोघं ओट्यावर, उभं दुमडलेलं पान मधे ठेवून, काहीतरी भांडल्यासारखं बोलत होती. मी लांब कडुनिंबाखाली बसून डबा उघडला.